वरच्या मजल्याचे भाडे आणि पहिल्या घराचे कर्ज

पुण्यातील किंवा नाशकातील जुन्या वाड्याचा मालक पुढल्या चौकात स्वतः नांदत असे आणि मागील चौकातील व माडीवरील खोल्या बिऱ्हाडकरूंना देत असे. तेव्हा ज्या छपराखाली आपण राहतो त्याच छपराने चार पैसे मिळवूनही द्यावेत ही अपेक्षा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, आणि पहिले घर बांधताना त्याच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवण्याचा विचार करणारे आजचे तरुण जोडपे काही अघटित करू पाहत आहे असे नाही. फरक पडला आहे तो पैशाच्या बाबतीत. वाडा बहुधा वडिलार्जित असे, त्यावर कर्ज असलेच तर ते सावकाराचे असे, आणि पगारदार माणूस स्वतःचे घर बांधी ते निवृत्तीच्या सुमारास, भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती आल्यावर. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी केवळ घरांसाठी कर्ज देणारी खाजगी वित्तसंस्था स्थापन केली, पुढे बँकाही या व्यवहारात उतरल्या, आणि ज्या घरासाठी पूर्वी उभे आयुष्य खर्ची पडे ते पुढील वीस वर्षांच्या पगाराच्या भरवशावर तिशीतच बांधता येऊ लागले. ही सोय मोठी खरी. परंतु भाड्याचे उत्पन्न आणि कर्जाचा हप्ता या दोन गोष्टी एका कागदावर शेजारीशेजारी लिहिल्या की नवख्या माणसाच्या मनात त्यांचे एक सोयीस्कर समीकरण तयार होते, आणि त्या समीकरणाची नीट चिकित्सा करावी एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच आहे.

ते समीकरण असे की, भाडेकरू हप्ता भरील आणि घर आपले होईल. अमेरिकेत हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तिथे त्याला काही आधारही आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या तेथील संघीय गृहनिर्माण प्रशासनाचे विमासंरक्षण असलेले कर्ज घेतल्यास, मालक स्वतः एका बिऱ्हाडात राहणार असेल तर चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत किमतीच्या अवघ्या साडेतीन टक्क्यांइतकी रक्कम पदरची घालून विकत घेता येते, आणि उरलेल्या तीन बिऱ्हाडांचे भाडे हप्त्याचा बराच भार उचलू शकते. आपल्या शहरांत मात्र घराच्या किमतीच्या मानाने भाडे फार थोडे येते. पंचेचाळीस लाखांच्या सदनिकेस महिना दहा-बारा हजार भाडे येणे हे आपल्याकडे सर्वसाधारण मानले जाते. म्हणजे वर्षास सुमारे तीन टक्के, आणि त्याच सदनिकेसाठी काढलेल्या कर्जाचे व्याज साडेआठ टक्के धरू. तीन टक्के मिळवणाऱ्या वस्तूने साडेआठ टक्क्यांचे ऋण फेडावे ही अपेक्षा अंकगणितास मान्य होण्यासारखी नाही. म्हणून प्रथमच गुंतवणूक करू पाहणाऱ्या वाचकास माझे सांगणे असे की, दुसरी सदनिका कर्जाने घेऊन भाड्याने देण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. स्वतःच्या राहत्या घरावर चढवलेला मजला हा निराळा प्रकार आहे, आणि तो निराळा का, हे एका काल्पनिक हिशेबाने दाखवता येईल.

समजा, एखाद्या मध्यम शहराच्या हद्दीतील बिनशेती झालेला दीड हजार चौरस फुटांचा भूखंड पंधरा लाखांस मिळाला. पाया, कुंपण, पाण्याची टाकी, शौचकूप आणि तळमजल्याचे आठशे चौरस फुटांचे बांधकाम मिळून सोळा लाख लागले, आणि त्यावर तेवढाच दुसरा मजला चढवण्यास तेरा लाख. एकूण चव्वेचाळीस लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वास्तुविशारदाचा मेहनताना आणि नगरपालिकेचे विकास शुल्क यांचे आणखी तीन लाख धरू. वरच्या मजल्यास महिना नऊ हजार भाडे येते असे मानले तर वर्षाचे एक लाख आठ हजार होतात. ही रक्कम सत्तेचाळीस लाखांशी ताडून पाहिली तर उत्पन्न जेमतेम सव्वादोन टक्के, आणि ते पाहून कोणीही शहाणा माणूस हा नाद सोडून देईल. परंतु तळमजला तर आपल्याला राहण्यासाठी हवाच होता. जमीन, पाया आणि कुंपण यांचा खर्च वरचा मजला नसता तरी टळणार नव्हता. भाड्यासाठी म्हणून जो खर्च झाला तो तेरा लाखांचा, आणि तेरा लाखांवर एक लाख आठ हजार म्हणजे आठ टक्क्यांहून थोडे अधिक. सदनिकेचे तीन टक्के आणि मजल्याचे आठ टक्के यांतील बरेचसे अंतर जमिनीच्या किमतीने निर्माण केलेले आहे: सदनिका घेणारा प्रत्येक वेळी जमिनीचे मोल नव्याने मोजतो, मजला चढवणारा ते एकदाच मोजतो.

तरीही आठ टक्के हे साडेआठांहून कमीच. वीस वर्षांच्या मुदतीच्या आणि साडेआठ टक्के व्याजाच्या कर्जास लाखामागे ८६८ रुपये मासिक हप्ता पडतो, म्हणून तेरा लाखांचा हप्ता ११,२८० रुपयांच्या घरात जातो. भाडे नऊ हजारांचे, आणि वर्षातून एखादा महिना जागा रिकामी राहणे, रंगरंगोटी, नळदुरुस्ती हे वजा करता ते आठ हजारांवर येते. पहिली काही वर्षे दरमहा तीन-सव्वातीन हजारांची तूट आपल्या पगारातून भरावी लागणार हे निश्चित. भाडे दरसाल थोडेथोडे वाढते आणि व्याजदर स्थिर राहिल्यास हप्ता मात्र तोच राहतो, म्हणून सात-आठ वर्षांत ही तूट बुजते. आणि कर्ज फिटल्यानंतर तो मजला निव्वळ उत्पन्नाचा होतो. यास मी चांगली गुंतवणूक म्हणतो. परंतु तिचे फळ उशिरा येणारे आहे, आणि ज्याला पहिल्या महिन्यापासून भाडेकऱ्याच्या जिवावर घर हवे आहे त्याची तिच्यामुळे निराशा होईल.

यातून जो नियम निघतो तो या लेखातील सर्वांत महत्त्वाचा म्हणून आधीच सांगून टाकतो. कर्ज किती काढावे हे ठरवताना भाडे शून्य धरावे. आपल्या उदाहरणात तेहतीस लाखांचे कर्ज काढले तर हप्ता सुमारे २८,६४० रुपयांचा होईल. व्याजदर एका टक्क्याने चढून साडेनऊ झाला तर तोच ३०,७६० रुपयांवर जाईल. भाडेकरू नसतानाही, व्याज चढलेले असतानाही हा हप्ता ज्याच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या दोनपंचमांशांत बसतो, त्याने निःशंकपणे पुढे जावे. सुमारे सत्त्याहत्तर हजारांखाली पगार असणाऱ्या कुटुंबाने प्रथम तळमजला बांधावा आणि वरच्या मजल्यास थांबावे. मात्र थांबताना पाया आणि खांब दोन मजल्यांचा भार सोसतील असेच करून घ्यावेत, जिन्याची जागा सोडावी, आणि शक्य असल्यास नकाशाही दोन्ही मजल्यांचा मंजूर करून घ्यावा. पायाशी वाचवलेले साठ-सत्तर हजार पुढे सगळाच बेत रद्द करण्यास कारणीभूत होतात, कारण एका मजल्यासाठी भरलेल्या खांबांवर दुसरा चढवण्यास कोणताही जबाबदार अभियंता सही करणार नाही. पाच वर्षांनी पगार वाढल्यावर त्याच बँकेकडून वाढीव कर्ज घेऊन मजला चढवता येतो, आणि तोवर पहिल्या कर्जाचा बोजाही थोडा हलका झालेला असतो.

बँक किती देईल, हा पुढचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेने या बाबतीत मर्यादा घालून दिलेल्या आहेत: तीस लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंच्याहत्तर लाखांचे ऐंशी टक्क्यांपर्यंत, आणि त्यावरील पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत. किमान दशांश ते चतुर्थांश हिस्सा आपला असतो हे बहुतेकांस ठाऊक असते; ठाऊक नसते ते हे की, घराची किंमत दहा लाखांहून अधिक असल्यास मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही, तो सर्वस्वी आपल्या खिशातून करायचा असतो. महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या हद्दीत स्थानिक अधिभारासह हे शुल्क साधारणतः सहा टक्के आणि काही शहरांत सात टक्के पडते, आणि त्याखेरीज एक टक्का नोंदणी फी, तिची कमाल मर्यादा तीस हजार. शुल्काची आकारणी करारातील मोबदला आणि शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर होते. म्हणून ‘स्वस्तात मिळाले’ या आनंदात असलेल्या माणसाने रेडीरेकनरचा, म्हणजे या तक्त्यातला, भाव आधी पाहून ठेवावा. तयार घर एकट्या स्त्रीच्या नावे विकत घेतल्यास शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, आणि केवळ तेवढ्या सवलतीपोटी का होईना, काही घरांचे खरेदीखत गृहिणीच्या नावे होऊ लागले आहे, ही गोष्ट मला समाधानाची वाटते.

आपला हिस्सा कोठून आणावा याविषयी पाळावयाचे पथ्य असे की, तो कर्जातून आणू नये. पदरच्या रकमेसाठी वैयक्तिक कर्ज काढणारा किंवा पतसंस्थेत सोने गहाण टाकणारा मनुष्य बँकेच्या दृष्टीने आणि वस्तुतःही संपूर्ण घर कर्जाने बांधत असतो, आणि त्यातील काही भाग तो अधिक महाग व्याजाने बांधत असतो. भावाने किंवा मामाने हातउसने दिले तर ते अवश्य घ्यावे. मात्र वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने उसनी घेण्यास आणि स्थावराच्या व्यवहारात विसार म्हणून रोखीने स्वीकारण्यास आयकराच्या कायद्याने मनाई आहे, आणि दंड त्या रकमेइतकाच होऊ शकतो. नात्यातील व्यवहार असला तरी तो धनादेशाने करावा आणि चिठ्ठी लिहून ठेवावी.

भावी भाड्याविषयी बँकेस सांगावे की नाही, याबद्दल पुष्कळांच्या मनात संकोच असतो. सांगावे. अजून न आलेले भाडे उत्पन्न म्हणून धरण्यास बँका सहसा राजी नसतात, धरलेच तर त्यातील काही भाग धरतात, आणि आपण स्वतः ते शून्य धरले असल्यामुळे आपले काही बिघडत नाही. परंतु गृहकर्जाच्या करारनाम्यात तारण मिळकत भाड्याने देण्यापूर्वी बँकेस कळवण्याचे किंवा तिची लेखी संमती घेण्याचे कलम बहुधा असते, आणि सहीच्या दिवशी चाळीस-पन्नास पानांचा तो दस्तऐवज कोणी वाचत नाही. अर्जातच वरचा मजला भाड्याने देण्याचा हेतू नमूद करावा आणि संमतिपत्र घेऊन दप्तरी ठेवावे. त्याच दिवशी कर्जासोबत एकरकमी हप्त्याची विमापॉलिसीही पुढे सरकवली जाते आणि तिचे पैसे कर्जातच मिळवले जातात. विमा हवा, पण तो बाजारातून स्वतंत्रपणे, निव्वळ मुदतीचा घेतलेला बरा, कारण कर्जात मिळवलेल्या विमाहप्त्यावर वीस वर्षे व्याज भरावे लागते.

आता मिळकतीच्या कागदांकडे वळू, कारण कर्ज नामंजूर होते ते अर्जदाराच्या पगारामुळे जितके, तितकेच जमिनीच्या दोषामुळे. शहराच्या कडेस एक-दीड गुंठ्याचे तुकडे पाडून ते शंभर-पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीच्या शिक्क्याने विकण्याचा उद्योग आपल्याकडे अनेक वर्षे चालत आलेला आहे. भाव कमी असतो, विकणारा ओळखीचा असतो, आणि शेजारी दहा घरे उभी असलेली दिसतात; परंतु नोंदणी नसलेल्या कागदाने मालकी येत नाही, तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येऊ शकतो, आणि असली जमीन तारण म्हणून कोणतीही शहाणी बँक स्वीकारीत नाही. गुंठेवारीचा भूखंड नियमित होऊन तसे प्रमाणपत्र मिळालेले असेल तर गोष्ट निराळी. सातबारा उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले दिसले तर त्या जमिनीच्या हस्तांतरास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते हे ओळखावे आणि ती परवानगी प्रत्यक्ष पाहिल्यावाचून विसार देऊ नये. ‘इतर हक्क’ या सदरात एखाद्या सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव किंवा बहिणीचा हक्क दडलेला असू शकतो. शहरी भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. कोठे दोन्ही असतात, आणि दोहोंत क्षेत्र निरनिराळे असते, तेव्हा मोजणी करून घेण्याचा खर्च जिवावर येऊ देऊ नये. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा, आणि तो आपण नेमलेल्या वकिलाकडून. बँकेचा वकील आणि बँकेचा मूल्यांकनकार यांची फी आपण भरतो हे खरे. पण त्यांचे कर्तव्य बँकेची रक्कम सुरक्षित ठेवण्याचे असते, आणि पंच्याहत्तर-ऐंशी टक्के रक्कम सुरक्षित असल्याचा निर्वाळा म्हणजे उरलेल्या आपल्या हिश्श्याचा निर्वाळा नव्हे.

बांधकामाचे कर्ज एकरकमी मिळत नाही. जोते झाले, तळमजल्याचा स्लॅब पडला, भिंती उभ्या राहिल्या, अशा टप्प्यांनी बँकेचा अभियंता पाहणी करून रक्कम सोडतो, आणि तोवर उचललेल्या रकमेवर केवळ व्याज भरावे लागते. पाहणी आणि रक्कम यांत आठवडा-पंधरवडा जातो, गवंडी आणि सेंट्रिंगवाला मात्र तितके थांबत नाहीत; तेव्हा निदान एका टप्प्याचा खर्च आपल्या हाती असल्याखेरीज काम सुरू करू नये. भूखंडाचे आणि बांधकामाचे कर्ज एकत्र घेतले असेल तर ठरावीक मुदतीत, बहुधा दोन-तीन वर्षांत, घर उभे करण्याची अट असते. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेण्याचा कंटाळा करणारे पुष्कळ आहेत. नकाशात दाखवलेल्या गच्चीवर परवानगीवाचून चढवलेल्या दोन खोल्या भाड्याने देणे तर सर्रास चालते, आणि ते चालते तोवर चालते. पुढे घर विकताना किंवा वाढीव कर्ज मागताना त्या दोन खोल्यांमुळे संपूर्ण इमला अनधिकृत ठरण्याची वेळ येते.

ज्या भीतीने आपल्याकडील कित्येक मजले कुलूपबंद पडून आहेत, ती भाडेकरू न उठण्याची भीती, हिच्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण ती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जागांची प्रमाण भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकली, आणि युद्धकाळातील महागाईवर तात्पुरता उपाय म्हणून आलेली ही व्यवस्था अर्धशतक टिकली. मालकास भाड्यातून घरपट्टीही सुटेना, दुरुस्ती थांबली, आणि चाळी व वाडे खचत गेले. भाडेकरू नको म्हणून मालकांनी परवानगीची, म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट शोधली, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताबा असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूच मानले. ज्यांच्या वडिलांनी हे पाहिले त्यांनी रिकामी जागा रिकामी ठेवणे पसंत केले असेल तर त्यांस दोष कसा द्यावा? परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अंमलात आला, आणि त्याच्या २४ व्या कलमाने परवान्याची मुदत संपल्यावर जागा सोडण्याचे बंधन परवानाधारकावर स्पष्टपणे घातले: न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा, आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट परवाना शुल्काची नुकसानभरपाई मागावी.

हे संरक्षण मिळते ते मात्र करार लेखी आणि नोंदणीकृत असेल तर. त्याच अधिनियमाच्या ५५ व्या कलमाने नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते, आणि मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत इतर प्रांतांतून आलेली आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो. खर्च फार नाही: मुदतीतील एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील मानीव व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, शिवाय शहरात हजार आणि ग्रामीण भागात पाचशे रुपये नोंदणी फी, आणि आता हे काम घरबसल्या, अंगठ्याचा ठसा देऊन, होऊ शकते. भाडेकऱ्याची माहिती पोलीस ठाण्यास देऊन तिची पोच ठेवावी. अनामत म्हणून आलेले पन्नास हजार ही आपली मिळकत नसून देणे आहे, हे ध्यानात ठेवून ती रक्कम मुदतठेवीत घालावी. जिन्याच्या फरशीत घातलेली अनामत भाडेकरू निघतेवेळी फरशी उखडून परत देता येत नाही.

कराच्या बाजूने पाहता एकाच इमारतीचे दोन मजले ही दोन घरे मानली जावीत यात आपला फायदा आहे, आणि त्यासाठी ती दिसण्यातही दोन असली पाहिजेत: स्वतंत्र प्रवेश, स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र वीजमीटर, आणि घरपट्टीची स्वतंत्र आकारणी. भाड्याच्या मजल्याच्या एक लाख आठ हजारांतून त्या मजल्याची भरलेली घरपट्टी, समजा सहा हजार, वजा जाते. उरलेल्या रकमेच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीस रुपया लागो की न लागो. आणि राहिलेल्या ७१,४०० रुपयांतून त्या मजल्याच्या तेरा लाखांवरील व्याज, पहिल्या वर्षी सुमारे एक लाख दहा हजार, वजा होते. म्हणजे भाड्यावर तूर्त कर बसत नाही. येणारा अडतीस-एकोणचाळीस हजारांचा तोटा जुन्या करपद्धतीत पगारातून वळता करता येतो आणि राहत्या मजल्याच्या व्याजाचीही वजावट मिळते, या सर्वांस मिळून वर्षाची दोन लाखांची मर्यादा असते. नव्या करपद्धतीत मात्र राहत्या भागाच्या व्याजाची वजावट नाही आणि भाड्याचा तोटा पगारातून वळता होत नाही. कोणती पद्धत लाभाची, हे प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांनी ठरवावे. करसल्लागाराची एका बैठकीची फी येथे सार्थकी लागते. घरपट्टीत आणखी एक बारकावा असा की, स्वतः राहणाऱ्या मालकास काही ठिकाणी सवलत असते (पुणे महानगरपालिकेत ती चाळीस टक्के आहे) आणि भाड्याने दिलेल्या भागास ती मिळत नाही. सवलत सर्व इमारतीवर घेऊन वर भाडेकरू ठेवणारांस पुढे फरकाची बिले आलेली आहेत.

कर्ज सुरू झाल्यावर करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या वीस वर्षे करावयाच्या आहेत. बँकांची नवी चल व्याजदराची गृहकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानदंडाशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली असतात; दर चढला की पूर्वी कर्जदारास न विचारता हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाई, आणि वीस वर्षांचे कर्ज पंचवीस वर्षांचे झाल्याचे त्यास दहा वर्षांनी कळे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदारास देण्याचे आदेश दिले आहेत. तेव्हा बँकेचे पत्र आले तर ते न वाचता खणात टाकू नये, आणि झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्यावा. भाड्याची रक्कम पगाराच्या खात्यात मिसळू न देता वेगळ्या खात्यात साठवावी. सहा हप्त्यांइतकी शिल्लक जमेपर्यंत त्या खात्यास हात लावू नये. भाडेकरू गेला, नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तर ती बेगमी उपयोगी पडते. त्यानंतर येणारे भाडे दरसाल मुद्दलात भरावे. व्यक्तीच्या चल व्याजदराच्या गृहकर्जास मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही, आणि आपल्या उदाहरणातील कर्जात पहिल्या वर्षाअखेर जादा भरलेला एक लाख शेवटचे सुमारे सोळा हप्ते वाचवतो. तेच लाख पंधराव्या वर्षाअखेर भरले तर सुमारे पाच हप्तेच वाचतात. म्हणून नव्या घरात पाऊल टाकताच महागडे फर्निचर करण्याची जी रीत पडली आहे ती मला पटत नाही. फर्निचर पाचव्या वर्षी केले तरी चालते.

शेवटचा हप्ता फिटला की बँकेकडून मूळ दस्तऐवज परत घ्यावयाचे असतात. तीस दिवसांत ते परत न दिल्यास बँकेने दर दिवसामागे पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. तो ठाऊक असल्याचे नम्रपणे सांगितले तरी काम लवकर होते. कागद हाती आल्यावर बँकेचा बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे किंवा नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा आणि उताऱ्यावरील बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झालेला डोळ्यांनी पाहून मगच स्वस्थ बसावे, कारण फिटलेल्या कर्जाचा बोजा दप्तरात तसाच राहून गेल्याची आणि तो मुलाबाळांस वारसनोंदीच्या वेळी निस्तरावा लागल्याची उदाहरणे तालुक्याच्या गावी हवी तितकी सापडतात.